कविता ‘ब’

“आता दुसरी कविता,” मुख्य परीक्षक बाई म्हणाल्या, “ही आपण मुद्दाम वाईट घेतली आहे.”

खोलीत हसू पसरलं. इंग्रजी साहित्याचे पेपर तपासणारे सगळे परीक्षक लांब टेबलांभोवती बसले होते. प्रत्येकापुढे प्रश्नपत्रिका, उत्तरसूची आणि लाल पेन. पहिल्याच रांगेत सर बसले होते आणि त्यांचा उजवा हात टेबलावरून चार बोटं वर उचलला गेला होता. तो तिथेच थबकला. मग जणू चष्मा सारखा करायलाच उचलला होता असं दाखवत नाकापर्यंत जाऊन आला आणि मुकाट्याने खाली बसला.

ती कविता सरांची होती.

ते आज सांगायचं असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं. आपणहून टिमकी वाजवायची नाही, तेवढी लाज त्यांना होती. पण चहाच्या वेळी कुणी विषय काढलाच तर कपात बघत, सहज म्हणायचं, “हो, माझीच ती. जुनी आहे.” हे वाक्य त्यांनी घरून निघताना आरशापुढे दोनदा म्हणून पाहिलं होतं. बायकोने ते आतून ऐकलं होतं आणि ती हसली होती. त्या घरात हसण्याचा आवाज काही रोज ऐकू येत नसे.

झालं होतं असं. परीक्षेच्या दिवशी दुपारी शेजारची मुलगी प्रश्नपत्रिका घेऊन धावत आली. ती सरांच्याच शाळेत, सरांच्याच वर्गात. सर घरी नव्हते. मग काकूंनाच पकडून ती अपठित कविता, म्हणजे वर्गात न शिकवलेल्या, मोठ्याने वाचून दाखवू लागली. पहिली झाली, काकू भाजी चिरत होत्या. दुसरीची तिसरी ओळ आली आणि काकू तिच्याबरोबर म्हणू लागल्या. इंग्रजीत, न अडखळता, शेवटपर्यंत.

“काकू, तुम्हाला इंग्रजी येतं?” मुलगी डोळे विस्फारून म्हणाली.

“एवढंच येतं,” काकू म्हणाल्या.

सरांच्या तोंडून ऐकून पाठ झाली असेल, असं मुलीने धरलं. तेवढ्यात तिला आईची हाक आली आणि ती पळाली. संध्याकाळी सर घरात पाऊल टाकतात तोच बायको दारात उभी. “अहो, तिची कविता पेपरात आली!” सरांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग ठेवला, मग खुर्चीत बसले. नंतर त्यांना नियम आठवला. “निकाल लागेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही हं. गोपनीय असतं हे.” बायकोने तोंडावर बोट ठेवलं. पण त्या दिवसापासून ती घरात अशी वावरू लागली, जणू तिची मुलगी कुठल्याशा स्पर्धेत पहिली आली आहे.

त्यांची एकुलती मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली होती. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की ती असती तर तिची मुलं शाळेत जायच्या वयाची असती. दुसरं मूल झालं नाही. ती गेली त्या महिन्यात सरांनी ही कविता लिहिली, इंग्रजीत. घरच्या भाषेत लिहायला घेतली असती तर पहिल्या ओळीलाच कोसळले असते. इंग्रजी ही नोकरीची भाषा, तिच्यात रडू येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. एका कॉलेजच्या वार्षिक अंकात ती नुसत्या आद्याक्षरांनी छापून आली. त्यांनी बायकोला एकेक ओळ उलगडून सांगितली, आणि तिने ती पाठ केली. मुलीचा फोटो होता एकच, तोही हललेला. कविता मात्र स्पष्ट होती. बायकोचं सगळं इंग्रजी त्या चोवीस ओळींत सुरू होऊन त्यातच संपत होतं. सरांनी पुढे आयुष्यात एक ओळ लिहिली नाही.

लिहिली नाही, पण कापल्या हजारो. शाळेत त्यांना ‘कात्री’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. कविता कशी सोडवायची याची त्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती: मुद्दा सांगा, ओळीतून पुरावा द्या, परिणाम लिहा. आणि वर एक वाक्य, जे ते वर्षाच्या पहिल्या तासाला सुनावत: “कवीच्या घरी काय झालं त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. पानावर काय आहे तेवढं बघा.” एकदा एका मुलाने आजी गेल्यावर निबंध लिहिला होता, खरोखरच गेलेल्या आजीवर. सरांनी त्याखाली लाल शाईत लिहिलं, ‘या वर्गात दर निबंधाला एक आजी मरते’, आणि वर ते वर्गाला वाचूनही दाखवलं. वर्ग खो खो हसला. तो मुलगाही हसला, न हसून सांगतो कुणाला.

मुख्य परीक्षक बाई या त्याच वर्गातून वर आलेल्या. सरांची लाडकी विद्यार्थिनी. सरांपुढे अजूनही अर्ध्या वाकून उभ्या राहत.

“प्रश्न असा आहे,” त्या उत्तरसूची वाचू लागल्या. “‘दोन्ही कवितांतल्या दुःखाची तुलना करा. कोणती तुम्हाला अधिक भिडते आणि का?’ दहा मार्क. आता ‘अ’ बघा. बायको वारल्यावर एक म्हातारा तिच्या पाखरांना दाणे टाकतो, बस. दुःख हा शब्दसुद्धा नाही. संयत, अस्सल. आणि ‘ब’ म्हणजे नुसती रडारड. उसनं दुःख, ठरावीक प्रतिमा. मुलांनी ‘अ’ अस्सल आणि ‘ब’ नकली हे पकडलं पाहिजे. जितक्या नेमकेपणाने ‘ब’ उघडी पाडतील तितके मार्क वर. कुणी ‘ब’च भिडते म्हणालं, तर दोनच्या वर जायचं नाही.”

“पण प्रश्न तर ‘तुम्हाला’ भिडते का असा आहे,” मागून एक नवखे परीक्षक म्हणाले.

“तुम्हाला म्हणजे काय वाट्टेल ते नाही हो,” बाई हसल्या. “सर, तुम्हीच सांगा यांना. नाहीतर असं करू या. नव्या लोकांसाठी तुम्ही ‘ब’ची एकदा चिरफाड करून दाखवा ना. तुमच्या पद्धतीने. आम्हाला कशी दाखवायचात तशी.”

सगळे सरांकडे बघू लागले. नाही म्हणायला तोंड उघडलं तर कारण द्यावं लागणार. बरं नाही म्हटलं तर बाई पंखा लावतील, पाणी आणतील, पुन्हा विचारतील. आणि खरं सांगितलं तर? तर ही सगळी खोली गप्प होईल, बाईंचा चेहरा पांढरा पडेल, लोक कणव दाखवतील, आणि ‘कात्री’ची कविता वाईटाचा नमुना म्हणून निवडली गेली, हे उद्या दुपारपर्यंत प्रत्येक शाळेत पोचेल. कणव सरांना कधीच सोसली नव्हती, ना द्यायला, ना घ्यायला. ते उठले आणि फळ्यापाशी गेले.

“हं,” ते म्हणाले. “पहिलं कडवं. मुलगी गेली, आणि आकाशात तारे दिवे मालवून बसले. का? ताऱ्यांना दुसरा उद्योग नाही?”

खोली हसली. सर थांबले. आणि मग जे झालं ते लिहायलाही बरं वाटत नाही. हात सरावाचा होता, त्याला धार सापडली.

“पाचवी ओळ. एकाच ओळीत चार वेळा ‘गेली’. गेली, गेली, गेली, गेली. पाचव्यांदा का नाही? कारण ओळीत जागा उरली नाही!”

मागचे दोघे टेबलावर हात आपटून हसले. दवाखान्याच्या त्या लांब ओसरीत बायको चार वेळाच म्हणाली होती. पाचव्या वेळी तिचं तोंड उघडलं होतं आणि आवाज आला नव्हता.

“आता हा मोजा. आई मोजे विणते आहे. एक विणून झाला, दुसरा अर्धा, आणि मुलगी गेली. किती सोयीचं बघा! मरण काय टाके मोजून येतं? हे घडलेलं नाही, हे रचलेलं आहे. वाचकाच्या डोळ्यांतून पाणी काढायचं, म्हणून कवीने सुया हातात दिल्यात.”

“वा, सर!” बाई भराभर लिहून घेत होत्या. “मोजा माझ्या लक्षातच आला नव्हता. हे उत्तरसूचीत घालायलाच हवं.”

दुसरा मोजा नंतर पुरा झाला होता. कविता छापून आली त्या आठवड्यात बायकोने तो काढून विणून टाकला होता. “अर्धा कशाला ठेवायचा,” म्हणाली होती.

सरांनी फळा पुसला आणि जागेवर येऊन बसले. चहा आला. कुणीतरी विचारलंच, “कुणाची आहे हो ही?”

“एका जुन्या कॉलेजच्या अंकात मिळाली,” बाई म्हणाल्या. “नुसती आद्याक्षरं आहेत. असेल कुणी हौशी. पुढे काही लिहिलं नसणार, तेवढं आपलं नशीब.”

“नसेलच,” सर कपात बघत म्हणाले.

त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोने पाण्याआधी विचारलं, “सांगितलंत?”

“वेळच मिळाला नाही.”

“बरं, मुलांनी काय लिहिलंय?”

“अजून गठ्ठे फुटले नाहीत. आणि सांगता येत नाही, माहीत आहे ना तुला.”

“मी काय सगळी उत्तरं मागतेय? एखादंच सांगा. कुणाला तरी ती दिसली असेल ना.”

‘ती’ म्हणजे कविता नव्हे, हे सरांना कळलं. ते हातपाय धुवायला गेले.

मग गठ्ठे फुटले. सकाळी जायचं, लाकडी खुर्चीत बसायचं, पेपर ओढायचा. मुलं शहाणी होती, चांगली तयार केलेली होती. बहुतेकांनी ‘ब’ची गचांडी बरोबर धरली होती. ‘कवीला दुःख झालेले नसून त्याला दुःखी दिसायचे आहे.’ बरोबरची खूण. ‘मुलगी ही केवळ निमित्त आहे.’ बरोबरची खूण. ‘मोजा हा स्वस्त प्रयोग आहे.’ बरोबरची खूण, वर समासात छोटं ‘छान’, कारण मोजा कुणी धरला तर दाद द्या, असं बाईंनी सगळ्यांना कळवलं होतं. दिवसभर सर मार्क देत होते. आयुष्यात त्यांनी इतके मार्क कधी वाटले नव्हते. शेजारचे परीक्षक म्हणाले, “काय सर, यंदा हात सैल?” सर म्हणाले, “पोरं चांगली आहेत.”

एका दुपारी एक पेपर हाताशी आला. अक्षर गिचमिड, पण वाचता येत होतं. सवयीने पेन खाली उतरलं आणि अडलं.

‘मला ‘ब’ कविता जास्त भिडली,’ असं लिहिलं होतं. ‘‘अ’मधला माणूस आपण कसे दिसतो याचे भान ठेवून दुःख करतो. ‘ब’मधल्या माणसाला कुणी बघते आहे का, याची शुद्धच नाही. त्यामुळे त्याला चांगले शब्द सापडलेले नाहीत. ज्याचे मूल गेले आहे त्याला इतक्यात चांगले शब्द सापडले असते, तर मला त्या माणसाची भीती वाटली असती.’

सरांनी ते पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मुद्दा होता, पुरावा होता, परिणाम तर असा होता की त्यांच्या छातीत कळ गेली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं भेटायला आलं नव्हतं. तेही परीक्षेच्या हॉलमधून, घड्याळाकडे बघत, दहा मार्कांसाठी आलेलं पोर. त्यांना वाटलं, उठावं आणि हा कागद घेऊन सरळ घरी जावं.

दहा दिले तर? बाई प्रत्येक गठ्ठ्यातले काही पेपर स्वतः बघत. त्या येऊन वाकून, गोड आवाजात विचारणार, “सर, इथे दहा कसे हो?” आणि मग सांगावं लागणार. सांगायचं काय? सूची चुकली? तिच्यात भर तर त्यांनी स्वतः फळ्यापाशी उभं राहून घातली होती. सरांनी मान वर करून पाहिलं. बाई पलीकडच्या टेबलाशी होत्या, त्यांच्याकडे बघून आदराने हसल्या. सरांनी समासात दोन लिहिले, भोवती गोल केला आणि पान उलटलं.

त्या संध्याकाळी बायकोने विचारायच्या आत तेच म्हणाले, “ऐक. सांगायचं नसतं, पण ऐक.” आणि त्यांनी तिला ते उत्तर घरच्या भाषेत करून सांगितलं, शब्दन्‌शब्द. फक्त ‘एकाने लिहिलंय’ असं न म्हणता ‘मुलांनी लिहिलंय’ असं म्हणाले. एवढीच चोरी.

बायको हातातलं काम टाकून खाली बसली. “पुन्हा सांगा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं.

“भीती वाटली असती,” ती हळूच म्हणाली. “खरंच की हो. किती लहान असतात नाही ही मुलं, आणि कसं कळतं त्यांना.” तिने पदराने डोळे पुसले, आणि मग अगदी मोकळी हसली. “म्हणजे आता ती नुसती आपलीच नाही राहिली.”

सरांना त्या क्षणी वाटलं, की चालेल. हे असंच राहिलं तर चालेल. निकाल लागेल, पेपर रद्दीत जातील, बाई विसरतील, आणि बायकोजवळ हे एक वाक्य उरेल. एवढं एक खोटं देवाने पदरात टाकायला हरकत नव्हती.

तपासणी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारची मुलगी आली. सर खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. मुलीला सुट्टी लागली होती, पाय घरात ठरत नव्हता. बायकोने तिला पाणी दिलं, समोर बसवलं, आणि तिला राहवेना. कविता कुणाची हे सांगायचं नाही, एवढं तिने पाळलं. बाकी बांध फुटला.

“अगं, त्या दुसऱ्या कवितेवर मुलांनी काय सुरेख लिहिलंय म्हणे.”

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. “अगं, ते राहू दे—”

पण ती सुरू झाली होती. चांगले शब्द, शुद्ध नाही, भीती वाटली असती, सगळं तिने बोटांवर मोजत म्हटलं. मुलगी ऐकत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

“काकू, असं लिहिलंय? कुणी? तो गेला बाराच्या भावात!”

“का गं?”

“अहो, ‘ब’ भिकार आहे, तेच तर ओळखायचं होतं! ती मुद्दाम भिकार दिलीय. म्हणजे कुणाला खरं दुःख कळतं आणि कोण रडक्या कवितेला फसतं, ते बघायला. आमच्या वर्गात सगळ्यांनी बरोबर ओळखलं. सरांच्या वर्गातले आम्ही, फसतोय कसले!”

बायको तिच्याकडे बघत राहिली. “तू काय लिहिलंस, बाळा?”

“मी? मी तर पार धुवून काढली.” मुलगी खुर्चीत पुढे सरकली. “तारे काय, मोजे काय. मी लिहिलं की हा कवी आपल्या रडण्याच्या प्रेमात आहे. आणि शेवटी असं लिहिलं, की बहुतेक याला मुलगीच नव्हती. असती तर तो हे लिहूच शकला नसता. तो शेवट मला फार आवडला माझा.” ती सरांकडे वळली. “बरोबर आहे ना, सर?”

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धपधप आवाज येत होता.

“सांगा ना तिला,” बायको म्हणाली. ती मुलीकडेच बघत होती. “पोर विचारतेय. बरोबर आहे का?”

चूक म्हटलं असतं तर मुलगी रडकुंडीला आली असती, आईला घेऊन आली असती, आणि का चूक ते विचारलं असतं. पण सरांनी हा विचार केलाच नाही, हे खरं. त्यांच्यातला मास्तर त्यांच्याही आधी बोलला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मोज्याचे जास्त मिळतील ना?”

“मिळतात.”

मुलीने टाळी वाजवली, “थँक्यू सर, थँक्यू काकू” म्हणाली, पेला तसाच टाकून जिन्यावरून धडधडत गेली. खाली पोचेपर्यंत तिचं गाणं ऐकू येत होतं.

बायको बसली होती तिथेच बसून राहिली. सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. ती रडली असती, भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिचा आवाज आला तो अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा.

“मुलांनी नव्हतं ना लिहिलेलं? एकानेच.”

“एकानेच.”

“त्याला किती दिलेत?”

सर खिडकीकडे बघत होते. “दोन.”

“दहापैकी.”

“हं.”

मग तिने आणखी एक विचारलं. रागाने नव्हे. तिला खरोखर कळत नव्हतं आणि समजून घ्यायचं होतं.

“दोन कशाचे दिलेत?”

“भाषेचे,” सर म्हणाले. “भाषा शुद्ध होती.”

बायकोने मान हलवली. मुलीने अर्धं टाकलेलं पाणी तिने खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि पेला विसळायला आत गेली.